तीन दारांचा राउटर

ताई, आज सकाळी त्या पॅकहाउसवाल्या तिघा भावांचेही फोन आले. आधी नानांचा, मागोमाग बापूचा, सगळ्यात शेवटी किरणचा. तू गेलीस, काल तुझं पुण्यानुमोदन झालं, पांढऱ्या साड्या अजून दोरीवर वाळतायत, आणि आज हे. मला वाटलं माफी मागतील. निदान काल यायला जमलं नाही म्हणून तोंडदेखलं काहीतरी बोलतील. नानांचं पहिलं वाक्य काय होतं सांगू? "मॅडम, लिंक बंद पडली हो. कोल्ड रूमचं टेम्परेचर दिसंना. आज येऊन जाता का?"

मी मोबाईल भिंतीवर आपटला. काचेचा पार चुरा झाला, पण आतून "हॅलो, मॅडम, हॅलो" चालूच. मग त्या फुटक्या काचेवर बापूचं नाव उमटलं. बापूचं! ज्याच्या हातात पहार होती, त्याचं. म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं, मॅडम. आता सीझन हे, माल थांबत नाय." मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, आई वाचेल. पण त्याच्या सात पिढ्या मी गंगेवर नेऊन पोचवल्या एवढं समज. किरणचा मात्र नुसता श्वास ऐकू आला, मग फोन कट.

तू असतीस तर आधी माझ्या पाठीत धपाटा घातला असतास. "बारके, मोबाईल काय झाडाला लागतात?" मग मी तुला ढकललं असतं, मग तू माझी वेणी धरली असतीस. आपण दोघी भांडायला लागलो की शेजारचे टीव्हीचा आवाज कमी करायचे. जेल रोडचे लोक म्हणायचे, या बहिणी नेटवर्कचं दुकान चालवतात का एकमेकींना मारायला शटर उघडतात? माझ्या भुवईवरची खूण तुझ्या क्रिंपिंगच्या, तारेला प्लग दाबून बसवायच्या पकडीची. तुझ्या मनगटावरची माझ्या दातांची. दवाखान्यात चादर बाजूला केली तेव्हा तुझा चेहरा इतका सुजला होता की बघवेना. मी मनगट धरून बसले. माझे दात तिथं जसेच्या तसे होते.

कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, की माझी ताई एका राउटरपायी गेली. लोक विचारतात, शॉक लागला का? शिडीवरून पडली का? मी म्हणते, नाही, मारली. मग ते चहाचा कप उचलतात.

त्या तीन भावांची वाटणी झाली तेव्हा त्यांनी सगळं वाटून घेतलं. बागा वाटल्या, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, आईसुद्धा चार-चार महिने वाटून घेतली. पॅकहाउस मात्र वाटता येईना. द्राक्षं थंड ठेवायच्या खोलीचे तीन तुकडे कसे करणार? मग ते सामायिक राहिलं आणि भांडायला कायमची जागा झाली. एकाच्या इंटरनेटवर दुसरा बसणार नाही, म्हणून तिघांनी तीन कंपन्यांच्या तीन लाईनी ओढल्या. त्या तिन्ही लाईनी येऊन घुसल्या एकाच राउटरमध्ये, कारण आतली मशिनं तर एकच. राउटर एक, त्याचे बाहेरचे पत्ते तीन. तू पहिल्यांदा रॅक, राउटरचं ते पत्र्याचं कपाट, उघडून बघितलंस आणि हसलीस. "बारके, या राउटरला तीन नवरे आहेत." मी म्हटलं, "मग याचं काही खरं नाही."

काम तसं साधं होतं. तिघांना आपापल्या घरून कोल्ड रूमचं टेम्परेचर आणि मालाची नोंद बघायची होती, आणि बाहेरच्या कोणाला ते दिसता कामा नये. म्हणजे राउटरवर व्हीपीएन टाकायचं. बाहेरून आत यायची एक झाकलेली वाट, ज्याच्याकडे किल्ली त्यालाच उघडणारी. असली कामं आपण झोपेत केली असती. तिढा त्या तीन पत्त्यांनी घातला.

नानांचं लगेच लागलं. बापूचं आणि किरणचं लागेना, नुसतं गोल गोल फिरत राहायचं. बापू आपल्या पत्त्यावर हाक मारायचा, ती हाक आत पोचायची, पण उत्तर द्यायची वेळ आली की राउटर आपल्या नेहमीच्या मोठ्या रस्त्यानं, म्हणजे नानांच्या लाईननं, नानांचा पत्ता लावून उत्तर पाठवायचा. बापूच्या कॉम्प्युटरला वाटायचं, मी हाक मारली एकाला, हा बोलतोय कोण तिसराच? तो ते उत्तर फेकून द्यायचा. यात कोणाचा दोष नव्हता. पण बापूनं सरळ अर्थ काढला की नानांनी या पोरींना फितवलं. पहिल्या खेपेला निघताना तो आपल्या दोघींच्या स्कूटीला आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "आमी काय सावत्र हाय का?" तू त्याला समजावलंस. तू मागे नसतीस तर मी स्कूटी त्याच्या पायावरून नेली असती.

येताना रस्त्याच्या टपरीवर भजी खाल्ली, आठवतं? तू कागदाच्या तळाचा कुरकुरीत चुरा नेहमीसारखा माझ्याकडे सरकवलास, आणि मी तो खात खात तुझ्याशी भांडले. मी म्हटलं, "ताई, एकच पत्ता बांधून टाक. नानांची लाईन चांगली आहे. तिघांनी त्याच दारातून यायचं, बाकीची दोन बंद. चहा थंड व्हायच्या आत होणारं काम."

"बापू नानांच्या दारातून येईल?"

"नाही आला तर बसेल बाहेर बोंबलत. आपल्याला काय करायचंय त्यांच्या भाऊबंदकीशी?"

"बारके, ज्या दारात हाक मारली त्याच दारातून ओ द्यायची. नाहीतर माणसाला वाटतं, घरात आपलं कोणी नाही."

हे तू कुठून आणलंस ते मला माहीत होतं. आई सांगते ती आजीची गोष्ट. आजी गावात मोठ्या घराच्या मागच्या दाराशी उभी राहून हाक मारायची, आणि आतली बाई मुद्दाम पुढच्या दारात जाऊन विचारायची, "कोण आहे गं?" पुढच्या दारात जायची आजीची प्राज्ञा नव्हती. ती मागेच उभी. बाई पुढून म्हणायची, "कोणी नाही वाटतं." आणि दार लावायची. ही गोष्ट ऐकली की माझ्या डोक्यात तिडीक जाते, मला ते घर पेटवावंसं वाटतं. तुला मात्र वाटलं की जगातल्या सगळ्या दारांना ओ द्यायला शिकवावं. अगं येडे, त्या मोठ्या घरातल्यांच्याच जातकुळीची ती माणसं! त्यांच्या दाराची काळजी तुला कशाला?

असं मी तुला तेव्हा बोलले नाही. म्हटलं फक्त, "कर काय करायचं ते." आणि तू केलंस. दुकानात टेबलावर तसाच राउटर मांडून बसलीस. आधी ते सेटिंग टाकलंस, की ज्या पत्त्यावर विचारलं त्याच पत्त्यानं उत्तर द्यायचं. तरी लागेना. मी हसले, कारण पाकिटावर पत्ता बापूचा आणि ते बाहेर पडतंय नानांच्या तारेतून. असलं पाकीट कंपनी पुढे सोडेल कशाला? मी म्हटलं, "तुझं तत्त्वज्ञान उंबऱ्यावरच अडलं." तू चप्पल फेकलीस. मी परत फेकली. मग तू खाली वाकून चप्पल शोधता शोधता एकदम थांबलीस आणि म्हणालीस, "वाटा वेगळ्या करायच्या. प्रत्येक लाईनीला तिची वाट. हाक ज्या तारेतून आत आली, उत्तर त्याच तारेतून बाहेर." एका पायात चप्पल घालून तू टाइप करायला बसलीस. लागलं. तू मला मिठी मारलीस आणि मिठीतच माझा कान पिरगाळलास.

सगळं काम मला तू असंच मारून मारून शिकवलंस. कॉलेज सोडून घरी बसले होते तेव्हा फरफटत दुकानात आणलंस, हातात पक्कड दिलीस, आठ तारांचे रंग चुकले की प्रत्येक चुकीला एक चापट. आज मी कोणापुढे हात न पसरता जगते ते त्या चापटांवर. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू "आता रडते का काय ही" म्हणून आणखी एक ठेवून दिली असतीस. घे, आता सांगितलं.

दुसऱ्या खेपेला पॅकहाउस भरलेलं होतं. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया टेबलांवर घड कातरत होत्या. तू रॅकसमोर स्टुलावर बसलीस. तुझी ती जुनी पद्धत, तिन्हीकडून लागल्याशिवाय सेव्ह करायचं नाही. चुकलं तर राउटर बंद करून चालू केला की जुनं परत, कोणाचं नुकसान नाही. नानांचं लागलं. किरणचं लागलं. राहिला बापू. तो अंगणात मोबाईल धरून उभा होता, लिंक लागायची वाट बघत. नाना दारात उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "आमचं लागलं बरं का. किरणचंबी लागलं. बापू, तुझं नशीबच खोटं हाय." बघ, अजून मी त्या माणसाला "नाना" आणि "ते" म्हणते. जिभेची सवय मेली जात नाही.

नाना हसले. एवढंच झालं होतं. तेवढ्यावर बापूनं लाकडी पॅलेट उचकटायची पहार उचलली आणि आत आला. त्याला नानांच्या लाईनचा डबा फोडायचा होता. नाना त्याला आडवे गेले, किरण मधे घुसला, शिव्या, धक्काबुक्की, बाया ओरडायला लागल्या. मी केबलीच्या गुंडाळ्यापलीकडे होते. तू स्टुलावरून उठलीस आणि रॅकसमोर उभी राहिलीस. हात वर केलास. "बापू, थांबा. तुमचंच लावतेय."

त्यानं तुला बघितलं, ताई. हे मी मरेपर्यंत सांगेन. पहार वर होती, तू समोर होतीस, त्याचे डोळे तुझ्या तोंडावर होते, आणि त्यानं ती खाली आणली. नारळ फुटतो तसा आवाज झाला. निळ्या केबलींवर रक्त उडालं. तू खाली बसलीस, पडली नाहीस, बसलीस, जसं काही विसरलेलं आठवतेयस तशी. मग आडवी झालीस.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. रॅकचा पत्र्याचा दरवाजा निखळून पडला होता, तो मी उचलला आणि बापूच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचं हाताला कळलं. पुन्हा हाणला. त्याच्या दंडाला मी दातांनी धरलं, मांस तोंडात आलं, आणि तरी सोडलं नाही. त्या दोघा भावांनी आणि खुद्द बापूनं मिळून मला ओढून काढलं. वाटणी झाल्यापासून त्यांनी एकत्र केलेलं ते पहिलं काम असेल. मला त्याचा खून करायचा होता. अजून करायचा आहे. पहाटे जाग येते तेव्हा हाताच्या मुठी वळलेल्या असतात.

सीताबाईनं, घड कातरणाऱ्या त्या पेठच्या बाईनं, आपला डोक्याचा रुमाल सोडून तुझ्या डोक्याला बांधला. पिकअपमध्ये पेट्यांच्या मधे तुला झोपवलं. तू वाटेतच गेलीस. मी लॅपटॉप छातीशी धरून बसले होते, का ते माहीत नाही. झाकण अर्धवट उघडं राहिलं होतं. राउटरचं पान तसंच होतं, मघाशी गोठलेलं. त्यावर तिन्ही नावांपुढे हिरवा ठिपका. बापूचंसुद्धा. उठायच्या आधी तू शेवटचं एंटर मारलं होतंस. त्यानं पहार उचलली तेव्हा त्याच्या खिशातल्या मोबाईलवर त्याची लिंक लागलेली होती.

आणि मग जबाब. तिघं भाऊ, जे एका तारेवर बसायला तयार नव्हते, त्यांनी एका शब्दाचाही फरक न करता सांगितलं: मॅडमचा पाय स्टुलावरून घसरला, डोकं रॅकच्या कोपऱ्यावर आपटलं. पहार? कसली पहार? नाक? मी वेड्यासारखी अंगावर धावून गेले म्हणे. सीताबाई माझ्याकडे बघेना. बाहेर गाठलं तेव्हा म्हणाली, "बाई, मी पाह्यलं. पण बोलले तं काम जाईन. माझ्यासंगं गावच्या पंधरा बाया हायेत, त्यांचंबी." तिच्यावर मला राग काढता आला नाही. हवालदारानं माझा जबाब नीट लिहून घेतला, पाणी दिलं, आणि म्हणाला, "ताई, तपास होईल. पण तिघं एक सांगतायत आणि तुम्ही एकट्या." मी म्हटलं, "मी एकटी नव्हते. आम्ही दोघी होतो."

यातली सगळ्यात घाण गोष्ट कुठली माहितीये? तुझं काम चालूच राहिलं. सेव्ह न केलेलं, नुसतं राउटरच्या स्मरणात असलेलं. तुला अग्नी दिला, घरी वंदना झाली, वस्तीतली माणसं येऊन गेली, आणि तिकडे ते तिघं तुझ्या तीन वाटांनी रोज आत जाऊन आपल्या द्राक्षांची थंडी बघत होते. तुला मारून तुझ्याकडूनच ओ घेत होते. मग काल कधीतरी तिकडची लाईट गेली, बॅटरीही दमली, राउटर बंद पडून चालू झाला आणि सगळं विसरला. जुनं परत आलं. आता नानांचंही लागेना, कारण नव्यात तू त्यांची किल्लीसुद्धा बदलली होतीस, आणि राउटरला आठवत होती जुनी. म्हणून फोन.

मी जाणार नव्हते. आईनं तुझी पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. पक्कड, टेस्टर, लॅपटॉप. बाबा एकलहऱ्याला पॉवर हाउसमध्ये होते तेव्हा त्यांचा डबाही आई अशीच न बोलता ठेवायची. मग म्हणाली, "जा. बघून ये त्यांची तोंडं. पण तिथं रडलीस तर घरात घेणार नाही."

फरशी घासून पांढरी केली होती. स्टूल नव्हतं, नवी प्लॅस्टिकची खुर्ची होती. बापूच्या नाकावर पट्टी, दंडावर पट्टी. ते बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नानांनी चहा मागवला. "झालं ते लय वाईट झालं. ताई आमाला बहिणीसारख्या होत्या." मी चहा फरशीवर ओतला, बरोबर त्याच जागी. बायांच्या कात्र्या थांबल्या.

मी खुर्चीवर बसले, लॅपटॉप लावला. तुझ्या ओळी मला पाठ आहेत, टेबलावर शंभर वेळा भांडलोय त्यांच्यावरून. पण हात कीबोर्डवर ठेवले आणि टाइप केलं नाही. वळले.

"नाना, ताईचा पाय घसरला?"

"आता ते कशाला पुन्ना?"

"घसरला का?"

"घसरला."

"बापू, घसरला?"

तो माझ्या दातांच्या जागी हात धरून उभा होता. "हां. घसरला."

"किरणभाऊ?"

किरणनं पेट्यांकडे बघितलं. नाना म्हणाले, "सांग की. सांगितलंच हाय तू."

"नाय," किरण म्हणाला. आवाज इतका बारीक की मलाच खात्री वाटेना. मग त्यानं मान वर केली. "नाय घसरल्या. बापूनं पहार घातली. त्यांनी हात वर केलता. मी बापूला धरायला गेलो, अन् हातात नाना आले."

नानांनी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो पेट्यांवर जाऊन आदळला, वरची पेटी खाली आली आणि द्राक्षं फरशीभर सांडली. बापू त्याच्या अंगावर गेला. मी उठले आणि पक्कड हातात घेतली. मला वाटलं, आता इथं दुसरा मुडदा पडणार आणि या खेपेला तो माझ्या हातून पडणार. पण त्या दोघांच्या आणि किरणच्या मधे बाया येऊन उभ्या राहिल्या. सीताबाई सगळ्यात पुढे, हातात घड कातरायची कात्री. ती म्हणाली, "मीबी पाह्यलं." तिच्या मागची म्हणाली, "मीबी." मग मला आवाज मोजता आले नाहीत.

मी पुन्हा बसले. ताई, तू रागावशील, पण मी तुझ्या ओळी टाकल्या नाहीत. मी माझी ओळ टाकली. एकच पत्ता बांधला, किरणचा. बाकीची दोन दारं बंद. तिन्हीकडून लावून बघितलं नाही, लगेच सेव्ह केलं. नाना मागून म्हणाले, "अन् आमचं?" मी म्हटलं, "धाकट्याच्या दारातून या. नाहीतर बसा बाहेर बोंबलत."

किरण आपल्या दोघींच्या स्कूटीवर मागे बसला, तुझ्या जागी. ठाण्यापर्यंत मला प्रत्येक वळणावर वाटत होतं, याला इथंच खाली पाडावा. इतके दिवस यानंही तेच सांगितलं होतं, घसरला म्हणून. टपरी आली तशी मी डोळे रस्त्यावर ठेवले. तो म्हणाला, "मॅडम, मला माफ करा." मी म्हटलं, "गप बस. तिथं जाऊन बोल." तो तिथं बोलला. मागून पिकअपमधून सीताबाई आली, तिच्या बाया आल्या. आज त्यांचं काम गेलं हे मला माहीत आहे. ते कुठून आणायचं ते उद्या बघते, तू असतीस तर तुलाही तेच सुचलं असतं, आणि आपण त्यावरून भांडलो असतो. हवालदारानं पहारीबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं आणि लिहून घेतलं. संध्याकाळी बापूला घेऊन गेले. पुढे काय होईल ते होईल, कोर्ट आहे, वकील आहेत, वर्षं जातील. पण "घसरला" हा शब्द आता कागदावर एकटा राहिलेला नाही.

घरी आले, आईला सांगितलं. ती साड्या दोरीवरून काढून घड्या करत बसली.

आता मी दुकानात आहे. शटर अर्धं खाली. टेबलावर तुझा तो राउटर, ज्याच्यावर तू एका पायात चप्पल घालून काम केलंस. मी त्यात तुझ्या सगळ्या ओळी भरल्या, तिन्ही वाटा, तिन्ही दारं, आणि सेव्ह केलं. तिकडचं दार मी बंद केलं, इथलं नाही करणार. आपलं भांडण अर्धंच राहिलं, आणि मला ते जिंकायचं नाही. उलट उत्तर दे, शिवी दे, पक्कड फेकून मार. मी हाक मारतेय, ताई. तू कुठल्याही दारातून ओ दे. पत्ता चुकीचा असला तरी मी फेकून देणार नाही.